आणि सोबती

जॉइंट खात्यात ज्याचं नाव पहिलं, त्याच्याच नावानं काउंटरवरून हाक जाते. दुसरा नुसता सही करतो. रोमच्या पंचांगातही हाच रिवाज. ६ फेब्रुवारीची नोंद बघा: ‘पॉल मिकी आणि सोबती, हुतात्मे’. सोबती किती? पंचवीस! आणि त्यांत एक चक्क आपला वसईकर, संत गोन्सालो गार्सिया.

बाप पोर्तुगीज, आई वसईची. जपानात जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली राबला, पण त्यांनी संघात काही घेतलं नाही. मग पठ्ठ्यानं व्यापार केला आणि जमही बसवला. आमच्यासारखा बी.कॉम. तिथंच थांबला असता. हा दुकान मिटून मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. जपानी भाषा उत्तम येई, म्हणून १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात! दुभाष्याचं काम वाईटच. बोलणारे दुसरे, राग मात्र दोन्हीकडचा.

पुढं सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीची मर्जी फिरली. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीला त्यांची पायपीट सुरू केली. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघेही पकडले गेले आणि सव्वीस झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. सर्वांत धाकटा लुई इबाराकी, वय वर्षं बारा. इथं विनोद सुचत नाही.

कागद मात्र सावकाश हलले. १६२७ मध्ये ‘धन्य’, १८६२ मध्ये ‘संत’. म्हणजे २६५ वर्षं! प्रमोशन रखडलं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा. बरं, तारीख तरी आपली मिळावी? ५ फेब्रुवारीला सिसिलीची संत अगाथा आधीच बसलेली, साडेतेराशे वर्षांनी सीनियर. तेव्हा १९६९ च्या सुधारित पंचांगात या सव्विसांना ६ तारीख मिळाली.

नंदुरबारच्या माणसाला हे ‘आणि सोबती’ जरा जास्तच टोचतं. ९ सप्टेंबर १९४२ ला इथं मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या दिवशी गेले पाच. बाकीचे चौघे कोण विचारलं, की भले भले ‘वगैरे’वर येतात. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, आम्ही घड्याळ लावून पाहिलंय.

वसईकरांनी मात्र यादी आपल्या सोयीनं उलटी केली. तिथं कॉलेजला नाव आहे ते गोन्सालो गार्सियाचं. मेक्सिकोत पहिला मान फेलिपेचा. तिथं बिचारा पॉल मिकीच सोबत्यांत!