श्रेयगुण व सदस्यांची बढती

ऑनलाइन चर्चामंचावर सदस्याच्या लेखनाला इतरांनी दिलेल्या मतांची गुणांत बेरीज करायची आणि ती ठरावीक आकड्यांपर्यंत पोहोचली की त्या सदस्याला जादा अधिकार द्यायचे, अशी पद्धत. या गुणांना बाजारात किंमत नसते. मिळतात ते अधिकार : मत देणे, दुसऱ्याच्या लेखनात दुरुस्ती करणे, प्रश्न बंद करणे, पुसलेले लेखन पाहणे. पूर्वी ही कामे मंचाचा चालक किंवा त्याने नेमलेले मॉडरेटर करीत. सदस्यसंख्या वाढली की चालकाला प्रत्येक जण माहीत असणे शक्य राहत नाही. मग ओळखीवरून होणारी नेमणूक हिशेबावरून होऊ लागते.

पूर्वपीठिका : ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर १९९६ पासून खरेदीदार व विक्रेते एकमेकांच्या व्यवहारावर शेरे देऊ लागले. दहा गुण झाले की नावापुढे पिवळा तारा लागे. मात्र त्या ताऱ्याने पत वाढे, अधिकार वाढत नसे. गुणांची अधिकाराशी सांगड घालण्याचा ठळक प्रयोग स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळावर झाला. रॉब माल्डा यांनी ते १९९७ मध्ये सुरू केले. प्रतिसादांचा पूर येऊ लागल्यावर त्यांनी आधी सुमारे पंचवीस, मग सुमारे चारशे जणांना हाताशी घेतले आणि अखेर हे काम सर्वसाधारण सदस्यांवर सोपवले. प्रत्येक प्रतिसादाला उणे १ ते ५ या पट्टीवर गुण पडत. निनावी प्रतिसाद ० वर, तर नोंदणीकृत सदस्याचा १ वर सुरू होई. चांगल्या प्रतिसादांमुळे साठणाऱ्या पुंजीला ‘कर्मा’ म्हणत. कर्मा बरा असलेल्या सदस्याला अधूनमधून मोजकी मते मिळत आणि ती तीन दिवसांत वापरली नाहीत तर बाद होत. ज्या चर्चेत स्वतः लिहिले, तिथे मत देता येत नसे. अधिकार कायमचा न देता थोड्या वेळापुरता उसना देण्याची ही युक्ती नंतरच्या मंचांनी फारशी उचलली नाही, हे नवलाचे आहे. सदस्य कर्माचा आकडा वाढवण्याच्याच मागे लागले, तेव्हा आधी त्यावर ५० ची मर्यादा आली आणि पुढे आकड्याऐवजी ‘उत्तम’, ‘वाईट’ असे शब्द दिसू लागले.

राफ लेव्हिएन यांच्या अ‍ॅडव्होगॅटोवर (१९९९) गुण नव्हते. सदस्य एकमेकांना निरीक्षक, शिकाऊ, कारागीर व उस्ताद अशा पायऱ्यांचे प्रमाणपत्र देत.

स्टॅक ओव्हरफ्लो : या पद्धतीचे सर्वांत तपशीलवार रूप संगणक-प्रोग्रॅमरांच्या या प्रश्नोत्तर-संकेतस्थळावर आढळते. जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी ते सप्टेंबर २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. नवा सदस्य १ गुणावर सुरू होतो आणि त्याखाली कोणाचाच आकडा जात नाही. उत्तराला पसंतीचे मत पडले की १० गुण मिळतात. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारले, तर उत्तरदात्याला १५ आणि स्वीकारणाऱ्याला २ गुण मिळतात. नापसंतीच्या मताने लेखकाचे २ गुण कापले जातात. उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ गुण जातो, म्हणजे उगाच कोणी नाक मुरडत बसू नये. मतांतून दिवसाला जास्तीत जास्त २०० गुण मिळतात. स्वीकृतीचे आणि बक्षिसाचे गुण या मर्यादेबाहेर आहेत. उत्तरासाठी बक्षीस लावणारा ते गुण स्वतःच्या खात्यातून देतो, किमान ५० आणि कमाल ५००. प्रश्नाला पडलेल्या पसंतीचे मोल मात्र दोनदा बदलले : २०१० मध्ये ते १० वरून ५ झाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा १०. चांगला प्रश्न विचारणे हेही चांगल्या उत्तराइतकेच योगदान आहे, हे दुसऱ्या बदलामागचे कारण. सर्वांना ते पटले असे नाही.

अधिकारांचे उंबरठे वेळोवेळी बदलले आहेत; येथे दिलेले आकडे दीर्घकाळ रूढ असलेले आहेत. १५ गुणांना पसंतीचे मत देता येते व गैरलेखनाकडे मॉडरेटरचे लक्ष वेधता येते. इतरांच्या लेखनाखाली टिप्पणी करायला ५० गुण लागतात, नापसंतीचे मत द्यायला १२५, नवा विषय-टॅग तयार करायला १,५००. २,००० गुणांना दुसऱ्याचे लेखन कोणाच्या मंजुरीवाचून सुधारता येते, ३,००० ला प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते, १०,००० ला पुसलेले लेखन दिसते आणि २०,००० ला नापसंत ठरलेली उत्तरे पुसण्यासाठी मत देता येते. शेवटचा उंबरठा २५,००० चा. तेथे संकेतस्थळाच्या वाहतुकीचे आकडे पाहायला मिळतात. त्यापुढे गुण वाढतात, अधिकार वाढत नाहीत. सी-शार्प भाषेवरील पुस्तकाचे लेखक जॉन स्कीट यांनी २०१८ मध्ये सर्वांत आधी दहा लाखांचा टप्पा ओलांडला, तरी गुणांनी मिळणारे त्यांचे अधिकार पंचवीस हजारवाल्याइतकेच होते.

खालच्या पायऱ्यांवरचा हिशेब उदाहरणाने कळतो. एखाद्या नवख्याने एक नेमके उत्तर लिहिले, त्याला दोन पसंतीची मते पडली आणि ते स्वीकारलेही गेले, तर त्याचे १ + १० + १० + १५ = ३६ गुण होतात. तो आता मत देऊ शकतो, पण दुसऱ्याच्या प्रश्नाखाली ‘तुम्ही कोणती आवृत्ती वापरता?’ एवढे विचारू शकत नाही. उत्तर लिहायला मात्र त्याला पहिल्या दिवसापासून मोकळीक असते. परिणामी नवखे आपली शंका उत्तराच्या चौकटीत लिहितात आणि ती ‘हे उत्तर नव्हे’ म्हणून पुसली जाते. या उंबरठ्याविषयीची कुरकुर जुनी आहे. जाहिरातबाज खाती टिप्पण्यांतून घुसतात, हे त्याचे समर्थन.

गुण काय मोजतात : सदस्याचे लेखन किती जणांच्या उपयोगी पडले, हे गुणांवरून कळते. त्याला निवाडा करता येतो की नाही, ते कळत नाही. सोप्या आणि सर्वांना पडणाऱ्या प्रश्नांवर मतांचा पाऊस पडतो : गिट या प्रोग्रॅमरांच्या साधनातील शेवटची नोंद मागे कशी घ्यावी, या २००९ मधील प्रश्नाला वीस हजारांहून अधिक मते आहेत. अवघड प्रश्नाला दिवसभर खपून दिलेले उत्तर दोन-तीन मतांवर थांबू शकते. पहिले येणारे उत्तर जास्त मते घेते, म्हणून आधी दोन ओळी टाकून जागा धरायची आणि मग त्यात भर घालत राहायचे, ही तेथील सर्रास चाल. शिवाय जुने उत्तर वर्षानुवर्षे गुण मिळवून देत राहते. लिहिणे सोडलेला सदस्यही चढत जातो. गुण विषय पाहत नाहीत, ही आणखी एक उणीव. एका भाषेत कमावलेल्या गुणांवर दुसऱ्या भाषेतील प्रश्न बंद करण्याचे मत देता येते. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी २०१४ पासून विषयवार सुवर्णपदकाला वजन आले : एकाच टॅगमध्ये किमान २०० उत्तरे आणि १,००० मते मिळवणारा सदस्य त्या टॅगमधील पुनरुक्त प्रश्न एकट्याच्या मताने बंद करू शकतो.

पदकांचा वागण्यावर होणारा परिणाम अँडरसन, हटनलॉकर, क्लाइनबर्ग व लेस्कोव्हेक यांनी २०१३ मध्ये अभ्यासला. पदकाचा उंबरठा जवळ आला की सदस्य त्यासाठी लागणारे काम झपाट्याने करतात आणि तो ओलांडला की ते मंदावते, असे त्यात दिसले.

गैरवापर : खोट्या खात्यांवरून स्वतःला मते देणे, आपसांत मते वाटून घेणे, रागापोटी एखाद्याच्या लेखनावर ओळीने नापसंती मारत जाणे. एकाच व्यक्तीला लागोपाठ दिलेली मते रोज चालणारा प्रोग्रॅम शोधून रद्द करतो.

मॉडरेटरची निवड : सर्वांत वरचे पद गुणांनी मिळत नाही. नावापुढे हिऱ्याची खूण असलेले मॉडरेटर निवडणुकीने येतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर उमेदवाराला किमान ३,००० आणि मतदाराला १५० गुण लागतात. मतदार पसंतीक्रम देतात. उमेदवाराच्या नावापुढे ४० पैकी एक आकडा दिसतो. त्यातले निम्मे गुण श्रेयगुणांवरून, दर हजाराला एक या दराने २०,००० पर्यंत धरतात. उरलेले निम्मे मॉडरेशन, संपादन व सहभागाची पदके पाहून. ज्या संकेतस्थळाने गुणांचा एवढा विस्तार केला, त्यानेच अखेरच्या पायरीवर माणसांचा कौल मागावा, हे या पद्धतीच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणता येईल. तळाशी भुरट्यांना रोखायला गुण उत्तम; वर जाईल तसा त्यांचा उपयोग घटतो.

इतर पद्धती : अ‍ॅटवुड यांनीच पुढे डिस्कोर्स (२०१३) या मंच-प्रणालीत मतांच्या गुणांऐवजी ० ते ४ अशा विश्वासपातळ्या आणल्या. पहिली पातळी लिहिण्याने नव्हे, वाचण्याने मिळते : किमान पाच विषय उघडणे, तीस नोंदी वाचणे, दहा मिनिटे वाचनात घालवणे. तिसरी पातळी टिकवण्यासाठी सरत्या शंभर दिवसांपैकी निम्मे दिवस हजेरी लागते. ती चुकली की पातळी उतरते. चौथी पातळी चालक स्वतः देतो. हॅकर न्यूज या संकेतस्थळावर (२००७) नापसंतीच्या मतासाठी ५०० कर्मा लागतो. रेडिटवर उपमंच आपापली किमान मर्यादा ठरवतात.

मराठीतील व्यवहार : ‘ऐसी अक्षरे’ या २०११ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘रोचक’, ‘विनोदी’ अशा श्रेणी देण्याची सोय स्लॅशडॉटच्या वळणाची आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गुण नाहीत. प्रचालकपद सदस्यांच्या चर्चेने व कौलाने दिले जाते.