बाळंतपणाची रजा : गिरणगावापासून सव्वीस आठवड्यांपर्यंत

नोकरी करणाऱ्या गरोदर बाईला मी तपासताना विचारतो, "रजा कधीपासून?" बऱ्याच जणी म्हणतात, "शेवटपर्यंत जाईन, म्हणजे पुढे बाळाजवळ राहता येईल." ही निवड आज तुमच्या हातात आहे. शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात काम करणाऱ्या बायकांना ती नव्हती. दिवस भरत आले तरी साच्यापाशी उभे राहायचे, आणि मजुरी बुडू नये म्हणून बाळंतपणानंतर लवकरात लवकर परत कामावर यायचे.

मग बाळाचे काय? त्याला 'बाळागोळी' देत. ही अफूची गोळी. ती दिली की मूल आई परत येईपर्यंत निपचित पडे. १९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. अफूने मूल झोपते, पण दूध ओढत नाही, त्याचा श्वास मंदावतो. (आजही बाळ झोपावे म्हणून खोकल्याचे औषध देणारी घरे मला भेटतात. कृपा करून देऊ नका.)

१९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजा असावी असा ठराव केला. सहाच का? वार सुटते तिथे गर्भाशयाच्या आत जखम राहते. ती भरून गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दूधही बाळ वारंवार ओढेल तसे वाढते. पहिल्या आठवड्यांत आई दिवसभर दूर राहिली तर ते आटते.

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, पण ते पडले. मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले तेव्हा, २८ जुलै १९२८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा. पण सरकार तो उचलत नाही तोवर तिच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाने काही वाटा दिलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला : सात आठवडे, रोज आठ आणे. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरकडेही, तसा कायदा आला.

सगळा पैसा मालकाच्या खिशातून जाणार म्हटल्यावर काही मालकांनी पोट दिसू लागताच बाईला काढायला सुरुवात केली. हे दुखणे अजून गेलेले नाही. मुलाखतीत "लग्न झालंय का?" हा प्रश्न त्यातूनच येतो. म्हणून मला १९४८ चा ईएसआयचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो : सगळ्यांच्या वर्गणीतून निधी, आणि बाईला पैसे त्यातून.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ दिला. बाप मात्र मागेच राहिला : केंद्र सरकारी नोकरांना पंधरा दिवस, खासगी नोकरीत कंपनीची मर्जी.

आणि बीडची ऊसतोड करणारी बाई? तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, न आलेल्या दिवसाचा 'खाडा', आणि त्याचे पैसे कापले जातात. खाडे नकोत म्हणून तरुणपणीच गर्भाशय काढून घेणाऱ्या बायकांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. वर सांगितलेल्या सव्वीस आठवड्यांतला एकही दिवस तिच्या वाट्याला येत नाही.

तुमच्या घरी कुणी गरोदर असेल तर आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झाले आहे का ते पाहा. रजेचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि ईएसआयचे कार्ड असेल तर पैसे कंपनीकडे न मागता तिथे मागा.