डॅशबोर्डची कातडी

घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बग्गीतल्या माणसांच्या अंगावर येऊ नये, म्हणून पुढे एक आडोसा लावत, तोच डॅशबोर्ड. चांगल्या बग्गीत तो म्हणजे नुसती लाकडी फळी नसे. लोखंडी चौकटीवर चामडं ताणून, कडेनं टाके घालून तो तयार होई. डॅशबोर्डला आवरण चढवणारे हात असे मोटारीहून जुने आहेत. मोटार आली, घोडा गेला, तरी आडोसा राहिला. १९०१ पासून अमेरिकेत खपलेल्या ओल्ड्समोबिलच्या छोट्या गाडीची पुढची फळी बर्फावरच्या घसरगाडीच्या धर्तीवर वळवलेली होती आणि त्या वळणावरूनच लोक गाडी ओळखत.

पुढे त्या जागी वेगाचे, तेलाचे, विजेचे काटे आले. लाकूड मागं पडलं आणि १९३० च्या दशकात रंगवलेल्या पोलादी पत्र्याचे डॅशबोर्ड सर्रास दिसू लागले. देखणे, पुसायला सोपे, टिकाऊ. पण गाडी धडकली की याच पत्र्यावर माणसांची तोंडं आपटत.

डेट्रॉइटमध्ये प्लास्टिक सर्जन असलेले क्लेअर स्ट्रेथ हे चेहरे पुन्हा जुळवण्याचं काम करीत. जखमींत ड्रायव्हरशेजारी बसणारे फार असत, हे त्यांच्या लक्षात आलं. ड्रायव्हरच्या हातात निदान चाक असे. शेजारच्यासमोर नुसता पत्रा आणि त्यातून पुढे आलेल्या खुंट्या. स्ट्रेथ यांनी स्वतःच्या गाडीत डॅशबोर्डवर गादी बसवली आणि कंपन्यांकडे पाठपुरावा सुरू केला. १९३७ च्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत बटणं आत घेतली गेली, पुढच्या सीटच्या पाठीला वरून गादी लागली. १९४८ च्या टकर गाडीला गादीचा डॅशबोर्ड होता, पण त्या गाड्या जेमतेम पन्नासेक निघाल्या. फोर्डनं १९५६ मध्ये तो दिला, तोही जादा पैसे मोजणाऱ्याला. अखेर १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना आतल्या आघाताचे नियम लागू झाले आणि उघड्या पत्र्याचे दिवस तिथे संपले. एका डॉक्टरनं तीस वर्षं आधी सांगितलेली गोष्ट कायद्यात यायला इतका काळ जावा, ही खरोखर दुःखाची बाब आहे.

गादीसाठी लागणारं सामान तोवर तयार होतं. पीव्हीसी मुळात कडक. १९२६ मध्ये गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमन यांनी त्यात तेलकट द्रव्यं मुरवून ते रबरासारखं लवचीक केलं. पॉलियुरेथेन १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेतून आलं. खाली पत्रा किंवा कडक प्लास्टिक, त्यावर पॉलियुरेथेनचा फोम, वर पीव्हीसीची कातडी, अशी तीन थरांची रचना रुळली.

याच रचनेत पुढच्या भेगांचं बी होतं. मुरवलेलं द्रव्य उन्हानं हळूहळू बाहेर पडतं. पुढच्या काचेवर आतून जो तेलकट पडदा धरतो, त्यात त्याचाही वाटा असतो. अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. द्रव्य गेलेली कातडी आकसते, पण खालच्या फोमला चिकटलेली असल्यानं तिला सरकता येत नाही. मग जिथे ताण साठतो तिथे, म्हणजे स्पीकरच्या जाळीजवळ, वाऱ्याच्या झरोक्यांच्या कोपऱ्यांत, ती फाटते. फटीतून ऊन आणि दमट हवा फोमपर्यंत पोचते आणि त्याचा पिवळा भुगा होऊ लागतो.

अशा डॅशबोर्डवर सरळ नवं रेक्झिन चिकटवलं तर ते फार दिवस टिकत नाही. कुशनवाल्याची खरी मेहनत त्याआधीची आहे. बॅटरीची तार काढून, मीटर आणि झरोके उतरवून डॅशबोर्ड बाहेर घ्यायचा. सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवायचा. त्यानंतर सर्वांत चिवट शत्रू येतो, तो म्हणजे वर्षानुवर्षं चमक यावी म्हणून चोळलेलं सिलिकॉनचं पॉलिश. डोळ्यांना कातडी स्वच्छ दिसते, तरी या थरावर चिकटवायचं सोल्युशन धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसायचं, आणि दर वेळी फडकं बदलायचं. नाहीतर तेच सिलिकॉन एका टोकाकडून दुसरीकडे पसरतं. पॉलिश पेपर मारण्याची वेळ त्यानंतरची. आधीच घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं.

भेगांच्या वर वळलेल्या कडा कापून काढाव्या लागतात, कारण ताणलेल्या रेक्झिनखाली छोटासा उंचवटाही उठून दिसतो. भुगा झालेला फोम घट्ट थर लागेपर्यंत खरवडायचा आणि पोकळी भरायची. इथे काही ठिकाणी पत्र्याच्या कामातली कडक लांबी भरतात. ती स्वस्त पडते, लवकर सुकते आणि घासून गुळगुळीतही होते. पण ती गादीच्या जागी दगड बसवते. ज्या चेहऱ्यांसाठी हा मऊपणा आला, त्यांचं संरक्षणच त्यातून जातं. लवचीक भराव किंवा नव्या फोमचा तुकडा घेतला तर जास्त वेळ लागतो, पैसेही जातात, आणि ते मोजायलाच हवेत. त्यानंतर दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून, ते बोटाला चिकटेनासं होईतो थांबून, मधून कडेकडे हीट गननं रेक्झिन बसवत न्यायचं.

शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलच्या मोटारींपासून आणि भारतात २०२१ मध्ये सक्तीची झाली. तेव्हापासून या कामाला एक हद्द पडली आहे. अनेक गाड्यांत एअरबॅगवरची कातडी ठरलेल्या रेघेवरच फाटावी म्हणून आतून पातळ केलेली असते. त्यावर नवं रेक्झिन ताणलं तर पिशवीची वाट अडते, आणि दुकानात ती उघडते की नाही हे तपासण्याची सोय नसते. म्हणून एअरबॅगच्या गाडीत तो भाग न झाकता सोडावा, किंवा डॅशबोर्डच कंपनीचा घ्यावा. जुन्या पद्धतीनं मोकळेपणी काम करायला एअरबॅगआधीच्याच गाड्या उरतात.