मळवलीचा छापखाना आणि बाहुलीचा कोरा चेहरा

१) पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना मळवली हे स्थानक ठाऊक असते ते कार्ले आणि भाजे येथील लेण्यांसाठी किंवा लोहगडाच्या वाटेसाठी. मावळातल्या याच लहानशा गावात १८९९ मध्ये एक छापखाना येऊन स्थिरावला. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांचे जे चेहरे भारतभरच्या भिंतींवर आणि देवघरांत पोहोचले, त्यांतील फार मोठा वाटा या छापखान्याचा होता. रेझिनच्या बाहुलीचा चेहरा आज प्रथमच रंगवायला बसलेल्या हौशी माणसाला या छापखान्याकडून बरेच शिकता येते.

२) आधी बाहुलीविषयी. जपानमधील क्योतो येथील ‘व्होक्स’ या कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉलफी’ ही सुमारे ६० सेंटिमीटर उंचीची, सांध्यांत वळणारी बाहुली बाजारात आणली. ती पॉलियुरेथेन रेझिनची होती. दोन द्रव एकत्र करून सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतले की ते घट्ट होतात आणि साच्यातील बारीकशी रेषही उमटते. लवकरच कोरियातील कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आणि जगभर संग्राहकांचा एक वर्ग तयार झाला.

३) या बाहुल्यांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांचे मस्तक कोऱ्या चेहऱ्यानेही मिळते. डोळे काचेचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे असून ते आतून बसवायचे असतात. भुवया, पापण्यांचे केस, ओठ, गालांवरची लाली हे सारे घेणाऱ्याने रंगवायचे किंवा कुणाकडून रंगवून घ्यायचे. कपडे शिवणे आणि केस बसवणे नवशिक्याला सहज जमते. चेहऱ्यापाशी मात्र हात अडतो. हा संकोच केवळ कौशल्याच्या अभावातून येत नाही, त्यामागे इतिहासही आहे.

४) चेहरा, आणि त्यातही डोळे, ही महाराष्ट्राच्या परंपरेत नेहमीच वेगळी ठेवलेली गोष्ट होती. शेंदराने माखलेल्या तांदळ्याला दोन डोळे लावले की दगडाची देवता होते. माहूरच्या रेणुकेची पूजा मुखरूपातच होते. गणपतीच्या कारखान्यात अंगाचा रंग कुणीही देईल, पण डोळ्यांची ‘आखणी’ सर्वांत शेवटी आणि सर्वांत सरावलेल्या हाताने होते. शास्त्रात नेत्रोन्मीलनाचा विधीच स्वतंत्र आहे. बंगालमध्ये दुर्गेचे ‘चक्षुदान’ महालयेला करण्याची प्रथा आहे.

५) तरीही घरातला हात चेहऱ्यापासून पूर्ण दूर नव्हता. भाद्रपदात गौरी बसवताना कुठे मुखवटे असत, कुठे खडे, कुठे तेरड्याची रोपे. कुठे कागदावर किंवा तांब्यावर कुंकवा-काजळाने डोळे, नाक, ओठ काढले जात. ते चेहरे ओबडधोबड असत आणि दरवर्षी वेगळे असत. त्यात कुणाला उणेपणा वाटत नसे, कारण तुलनेसाठी दुसरा सुबक चेहरा घरात नव्हता.

६) तो सुबक चेहरा घराघरांत आणला राजा रविवर्मा यांनी. त्रावणकोरमधील किळिमानूर येथे १८४८ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराची तैलचित्रे राजवाड्यांत होती. ती सामान्यांपर्यंत पोहोचावीत म्हणून १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे तिथले पहिले मुद्रण मानले जाते. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे या उद्योगात त्यांच्यासोबत होते.

७) मुंबईत १८९६ पासून प्लेगने थैमान घातले. छापखाना १८९९ मध्ये मळवलीला हलवण्यात आला. रेल्वेमार्गावरचे ठिकाण असल्याने कागद, शाई आणि छापलेली चित्रे यांची ने-आण सोपी होती. धंदा मात्र रविवर्म्यांना तोट्याचा ठरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञालाच विकला. श्लायशर यांनी देवदेवतांच्या चित्रांबरोबर लेबले, जाहिराती, दिनदर्शिका छापून तो चालवला आणि वाढवला.

८) रंगीत शिळाछापाची पद्धत अशी. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचे. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागात राहते आणि छपाईची शाई फक्त तेलकट रेषांना धरते. बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शोधले. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकाच कागदावर एकामागून एक दगड उमटवत जायचे.

९) म्हणजे मळवलीतून निघालेला लक्ष्मीचा चेहरा एका फटकाऱ्यात कधीच तयार झाला नाही. आधी फिकट रंगाचा थर, मग त्वचेच्या छटा, गालांचा लालसर भाग, सावलीचा तपकिरी, ओठांचा लाल आणि सर्वांत गडद रेषा शेवटी. छटा दाट-विरळ ठिपक्यांनी साधल्या जात. कागदावर चित्र सुलट यावे म्हणून दगडावर ते उलटे काढावे लागे. देवीचा डावा डोळा कारागिराच्या समोर डावीकडे असे.

१०) सर्व दगड एकमेकांशी तंतोतंत जुळणे ही यातली खरी परीक्षा. दगड केसभर सरकला तर ओठांचा रंग ओठांबाहेर जाई आणि मुद्रा बिघडे. जुन्या स्वस्त छापील चित्रांत असे चेहरे पुष्कळ दिसतात. त्यातच कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. वर्षाला चार हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या लोणावळ्याच्या शेजारी बसून रंगावर रंग जुळवणे हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना यावरून येते.

११) चित्राखाली नाव रविवर्म्यांचे किंवा छापखान्याचे असे. दगडावर प्रत्यक्ष भुवई, पापणी आणि ओठ उतरवणाऱ्या बहुतेक हातांची नावे ग्राहकांपर्यंत पोहोचली नाहीत. मूळ तैलचित्र एकाचे, पण घराघरांत पोहोचलेला चेहरा या कारागिरांच्या ठिपक्यांचा होता.

१२) आता मुख्य मुद्दा. ही चित्रे विकत घेणाऱ्यांनी ती तशीच टांगली असे नाही. अनेक घरांत स्त्रियांनी त्यांवर कलाकुसर केली. देवीच्या छापील साडीवर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी बसवले. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक आवर्जून जपतात. ही त्या काळातली हौशी कलाच होती, आणि तिची घडण आजच्या बाहुली सजवण्याच्या छंदासारखीच होती.

१३) त्या सजवलेल्या चित्रांकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. साडी झाकली जाते, मुकुट झाकला जातो, पार्श्वभूमीही कधी कधी झाकली जाते. चेहरा आणि हातपाय मात्र छापील, उघडे राहतात. सुई-दोऱ्यात तरबेज असलेल्या त्या हातांनी चेहऱ्याला स्पर्श केला नाही. चेहरा मळवलीहून तयार आलेला होता, त्यात भर घालण्यासारखे काही उरले नव्हते.

१४) छापील चेहऱ्याने सामान्य माणसाला मोठे देणे दिले, यात शंका नाही. ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरात देवीचे दर्शन आले. पण त्याच वेळी सौंदर्याचे एक माप ठरून गेले. कुंकवा-काजळाने काढलेला गौरीचा चेहरा त्या मापापुढे कच्चा वाटू लागला तर नवल नाही. घरातल्या हाताकडे सजावट उरली आणि चेहरा कारखान्याकडे गेला.

१५) या परिसराचा चेहऱ्यांशी असलेला संबंध इथेच संपत नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम केले आणि लोणावळ्यात स्वतःचा मुद्रण व्यवसायही काढला. दगडावर छटा कशा बसतात हे ज्यांनी पाहिले, त्यांनीच १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तिथे तारामतीचा चेहरा अण्णा साळुंके या पुरुष नटाच्या चेहऱ्यावर रंगवावा लागला होता.

१६) घरातला हात सुटला नाही अशी एक जागा म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगडमातीच्या त्या किल्ल्यावर मांडायची मातीची ‘चित्रे’ कुंभारवाड्यातून येत. मावळा, पहारेकरी, गवळण, वाघ. एका रांगेत शंभर मावळ्यांना एकच रंग देत जाणाऱ्या कारागिराने त्यांचे डोळे दोन ठिपक्यांत आणि मिशी एका फटकाऱ्यात उरकलेली असे. पुढच्या वर्षी रंग उडालेल्या मावळ्याला पुन्हा डोळे काढण्याचे काम मुलांकडे येई. तिथे चुकण्याची भीती कुणालाच नव्हती.

१७) मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तोवर छपाईचे तंत्रही बदलले होते, दगडांची जागा ऑफसेटने घेतली होती. हाताने ठिपके देऊन चेहरा घडवण्याची विद्या बाजारातून हळूहळू नाहीशी झाली. गंमत अशी की जवळजवळ तीच विद्या आज रेझिनच्या चेहऱ्यावर काम करणारे हौशी लोक स्वतंत्रपणे पुन्हा शिकत आहेत.

१८) रेझिनच्या चेहऱ्याचा क्रम पाहावा. साच्यातून येताना लागलेला तेलकट लेप साबणाच्या पाण्याने धुवायचा. साच्याच्या सांध्याची रेघ पाण्यासोबत घासून काढायची, कारण कोरडी भुकटी फुफ्फुसांना अपायकारक असते. मग मॅट वॉर्निशचा पातळ फवारा मारायचा, तोही तोंडाला योग्य मास्क लावून आणि मोकळ्या हवेत. त्यावर पेस्टल खडूची पूड मऊ कुंचल्याने चोळून गालांची आणि पापण्यांची छटा आणायची. पुन्हा फवारा, पुन्हा छटा. भुवया आणि पापण्यांच्या बारीक रेषा सर्वांत शेवटी.

१९) फिकटाकडून गडदाकडे, छटेकडून रेषेकडे, थरावर थर. हा क्रम मळवलीच्या दगडांचाच आहे. पावसाळ्याची अडचणही तीच. हवा दमट असताना वॉर्निश मारले तर त्यावर पांढुरके धुके धरते आणि चेहरा मळकट होतो. लोणावळ्यासारख्या ठिकाणी हे काम पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास काढणे शहाणपणाचे.

२०) फरक आहे तो चुकीच्या किमतीचा. दगडावर एक रेषा बिघडली तर ती खरवडून काढणे जिकिरीचे असे आणि लक्षात आली नाही तर शेकडो प्रतींत उमटे. शाडूवर रंग मुरतो. रेझिनवर मात्र रंगाखाली वॉर्निशचा थर असतो, त्यामुळे चेहरा पुसून पुन्हा कोरा करता येतो. पहिलाच चेहरा चांगला यावा ही अट या माध्यमाने काढून टाकली आहे. दिवाळीच्या मावळ्याला डोळे काढणाऱ्या मुलाला जी मोकळीक होती, ती इथे मोठ्यांनाही मिळते.

२१) एक गोष्ट मात्र पुसली जात नाही, ती म्हणजे डोळ्यांत बसलेले माप. ‘त्वचेचा रंग’ म्हणून मिळणारी बाटली बहुधा गुलाबीसर असते. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव बदलून ‘पीच’ केले ते १९६२ मध्ये. उन्हापावसात भातखाचरे कसणाऱ्या आणि लोहगड-तिकोन्याच्या चढणी चढणाऱ्या माणसांच्या प्रदेशात बसून गुलाबी मावळा रंगवायचा का, हा प्रश्न नवशिक्याने पहिल्या थराआधीच स्वतःला विचारायला हवा. त्याचे उत्तर तांबूस तपकिरी, गेरू आणि थोडा पिवळा एकत्र करून पाटीवरच शोधता येते.

२२) रविवर्म्यांनी देवीला माणसाचा चेहरा दिला, मळवलीने त्या चेहऱ्याच्या असंख्य प्रती केल्या, आणि घरांनी त्याला साडी नेसवली. सुमारे शंभर वर्षांनी रेझिनच्या बाहुलीने तो भाग कोरा ठेवून परत पाठवला आहे. पहिल्या प्रयत्नात एक भुवई वर जाईल, ओठ जाड होतील. असे चेहरे कागदावरच्या गौरींनीही पाहिले होते, आणि पुढच्या भाद्रपदात त्यांना नवे चेहरे मिळत होते.