आठवं कलम, टेम्पररी प्रोफेसर आणि अण्णांचं कार्ड

हा भाग मी दोनदा रेकॉर्ड केला. पहिल्यांदा मध्येच शेजारच्या काकूंच्या कुकरने पाच शिट्ट्या दिल्या, दुसऱ्यांदा माझाच आवाज बसला. म्हणून ज्यांचं ऐकताना काही निसटलं असेल त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून टाकतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आधी स्वतःबद्दल दोन मिनिटं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट मी का शोधत बसलो ते कळणार नाही. आठ महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, समोरच्या बाईंचा कॅमेरा बंद, आणि 'रीस्ट्रक्चरिंग' हा एकच शब्द चार वेळा. तेव्हापासून एका एक्सेल शीटमध्ये मी अर्जांची नोंद ठेवतोय. २३० च्या वर ओळी झाल्यात. 'स्टेटस' नावाचा एक कॉलम आहे आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. नकार आला तर बरं वाटतं हो, निदान कुणीतरी मेल उघडला. तीन राउंड होतात, 'वी विल गेट बॅक टू यू' होतं, आणि मग शांतता. गावाकडे अजून सांगितलेलं नाही. अण्णांना वाटतं वर्क फ्रॉम होम चालू आहे.

मी येरवड्यात राहतो. संध्याकाळी खोलीत बसवत नाही म्हणून चालायला निघतो, आणि पाय आपोआप जेल रोडकडे वळतात. आयटी पार्कच्या बाजूला गेलं की गळ्यात आयडी कार्ड अडकवलेली मंडळी चहाच्या टपरीवर दिसतात, ते नको असतं. तुरुंगाच्या भिंतीजवळ निदान कुणी 'सध्या कुठे आहेस?' विचारत नाही.

याच तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, हे आपण शाळेत शिकलोय. गांधीजींचं उपोषण, अंगणातल्या आंब्याखालच्या चर्चा, स्वतंत्र मतदारसंघाऐवजी १४८ राखीव जागा. परीक्षेला एवढंच यायचं. पण एके रात्री झोप येत नव्हती म्हणून मी कराराचा मूळ मजकूर उघडून वाचला. छोटा आहे, नऊ कलमं फक्त. पहिली सात मतदान, जागा, निवडणूक यांच्याबद्दल. आठवं कलम वाचलं आणि मी उठून बसलो. ते नोकरीबद्दल आहे! कुणी अस्पृश्य वर्गातला आहे एवढ्या कारणावरून स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत किंवा सरकारी नोकरीच्या नेमणुकीत त्याला आडकाठी येणार नाही, आणि नोकऱ्यांत या वर्गाला योग्य वाटा मिळावा यासाठी सर्व प्रयत्न केले जातील. पात्रतेच्या अटी मात्र पाळाव्या लागतील. नववं कलम शिक्षणाच्या पैशाबद्दल.

म्हणजे देशाच्या राजकारणाचा एवढा मोठा पेच चालू असताना, एका माणसाचा जीव पणाला लागलेला असताना, कुणाला तरी नोकरीची ओळ लिहून घ्यायची आठवण राहिली. त्या टेबलावर बसलेल्या बाबासाहेबांना तरी ती आठवण करून द्यायची गरज नव्हती. त्यासाठी पंधरा वर्षं मागे जावं लागेल.

१९१७ चा ऑगस्ट. भीमराव आंबेडकर लंडनहून मुंबईला परतलेत. वय २६. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, हे मी मुद्दाम सांगतोय. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी हातात, पीएच.डी.चा प्रबंध लिहून झालेला. (प्रत्यक्ष पदवी मिळाली १९२७ ला, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागायच्या आणि छापायला पैसे लागतात.) लंडनमधलं शिक्षण अर्धवट, कारण बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती संपली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान, त्यात पुस्तकं, वेगळ्या जहाजाने येत होतं आणि ते जहाज टॉर्पेडोने बुडवलं गेलं. भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले, त्यातून घरखर्च भागवला आणि बडोद्याला जायची सोय झाली.

नोकरी शोधायची नव्हती, उलट बांधलेली होती. शिष्यवृत्तीच्या करारात दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी लिहून दिलेली. आपल्याकडे बाँड असतो ना, तसा, फक्त दहा वर्षांचा. पुढे काय झालं ते त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. बडोद्यात राहायला कुणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघत असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची. दोन ओळखीच्यांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्यपणे टाळलं. सामान घेऊन बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

इथून पुढचे चौदा महिने मला सगळ्यात जास्त वाचायचे होते, आणि चरित्रांमध्ये ते एका पानात उरकतात. साहजिक आहे. पुढे माणसाने संविधान लिहिलंय, चौदा महिन्यांच्या बेकारीला कोण विचारणार? पण माझ्यासारख्याला नेमकं तेच विचारायचं असतं. भाडं कसं दिलं? सकाळी उठून काय केलं?

जे कळतं ते असं. दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. मग शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला द्यायचा व्यवसाय सुरू केला. विचार करा, कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, यापेक्षा चांगला सल्लागार कोण मिळणार? गिऱ्हाइकं येऊही लागली. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे पसरलं आणि गिऱ्हाइकं यायची थांबली. धंदा बंद.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. मी २३० अर्ज केले, तरी माझं आडनाव ऐकून कुणी उठून गेलं नाही. माझं दुःख मार्केटचं आहे, त्यांचं मार्केटच्या बाहेरचं होतं. दोन्ही एका रांगेत मांडायची नाहीत. आणि हा प्रकार १९१७ मध्येच संपला असंही समजू नका. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक प्रयोग केला होता, २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त छापून आला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. ४,८०८ अर्ज. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला पुढचा निरोप यायची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाच्या उमेदवाराला साधारण एक तृतीयांश. फोटो नाही, मुलाखत नाही, नुसतं नाव.

बरं, परत १९१८ ला. या रिकाम्या काळात त्यांचे दोन लेख 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त आले. एक बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकावर. दुसरा भारतातल्या छोट्या शेतजमिनींवर, 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया'. हा दुसरा वाचताना मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तेव्हा सगळे म्हणत होते की जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती परवडत नाही, तुकडे जोडा. आंबेडकर म्हणाले, अडचण तुकड्यांची नाही, शेतीवर नको इतकी माणसं अडकून पडली आहेत ही आहे. दिसायला कामावर, प्रत्यक्षात रिकामी. असं रिकामं श्रमबळ उत्पादन करत नाही पण खातं मात्र, म्हणून उद्योग वाढवा, ही माणसं तिकडे न्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पुढे 'छुपी बेकारी' नावाचं प्रकरण आलं, त्याच्या खूप आधीची ही मांडणी. लिहिणारा स्वतः बेकार.

आता कृपा करून याचं मोटिव्हेशनल रील करू नका. 'बाबासाहेबांनी बेकारीत रिसर्च पेपर लिहिले, तू काय करतोयस?' असं मला आधीच एका मित्राने ऐकवलंय. बेकारीत माणसाचं सहसा काय होतं याचाही अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं गाव होतं, एका कापड गिरणीवर जगणारं. मंदीत गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव घरी बसलं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन नोंदी केल्या, १९३३ मध्ये पुस्तक आलं. त्यांना काय दिसलं? वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यावरून हळू चालू लागले. दिवसभर काय केलं हे विचारलं तर सांगता येईना.

हे वाचून मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मी गेल्या तीन महिन्यांत एक पुस्तक पूर्ण केलेलं नाही. कोर्स विकत घेतलेत, चार, एकही बारा टक्क्यांच्या पुढे गेला नाही. मला वाटायचं मी आळशी झालोय.

नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकरांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे की या जागेसाठी त्यांनी लॉर्ड सिडनहॅमच्या मार्फत अर्ज केला होता. मुंबईचे हे माजी गव्हर्नर त्यांच्या लंडनमध्ये ओळखीचे झाले होते. ज्याच्या नावाचं कॉलेज, त्याचीच ओळख! आपण लिंक्डइनवर अनोळखी माणसाला 'सर, कॅन यू रेफर मी' लिहिताना अंग चोरतो. मला तरी हे वाचून जरा धीर आला.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ओळखीने दार उघडलं, स्टाफ रूममधला पाण्याचा माठ नाही उघडला. त्यांनी त्याच माठातलं पाणी प्यायला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. दुसरी, आणि ही माझ्या कामाची: ती जागा टेम्पररी होती. आजच्या भाषेत कॉन्ट्रॅक्ट. मार्च १९२० पर्यंत त्यांनी ती केली, काटकसर करून पैसे साठवले, आणि त्या पैशांवर, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर आणि शाहू महाराजांच्या मदतीवर लंडनला अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला गेले. बॅरिस्टर होऊन परतल्यावरही वकिली लगेच चालली नाही. १९२५ ते १९२८ बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्यावर पार्ट-टाइम शिकवत होते. आपण ज्याला 'सेटल' म्हणतो तसा हा माणूस पस्तिशीतही नव्हता.

मग १९३२, येरवडा, आठवं कलम. कलमात लिहिलं म्हणून लगेच काही झालं नाही, ते कुठे होतं? १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन दिलं. १९४३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या थेट भरतीत ८⅓ टक्के जागा राखून ठेवायचा आदेश निघाला. करारानंतर अकरा वर्षांनी 'सर्व प्रयत्न' या शब्दांना आकडा मिळाला.

आणि १९४५ मध्ये, त्यांच्याच खात्याखाली, युद्धावरून परत येणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं जाळं उभं राहिलं. १९४८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा तिथे कळवणं बंधनकारक झालं. कळवणं, बरं का. तिथूनच माणूस घेणं नाही. सगळी मेख तिथेच आहे.

तुमच्या घरातही ते कार्ड असेल. आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत आहे, अण्णांचं. बी.कॉम. झाल्यावर काढलेलं. दर तीन वर्षांनी एस.टी.ने जिल्ह्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, नूतनीकरणाचा शिक्का घ्यायचा. तीन शिक्के आहेत. कॉल एकदाही आला नाही. चौथ्या वेळेला ते गेलेच नाहीत, किराणा दुकान टाकलं. लहानपणी मी त्या कार्डाने ऑफिस-ऑफिस खेळायचो.

परवा मी त्यांना फोन करून कार्डाबद्दल विचारलं. म्हटलं, पॉडकास्टसाठी पाहिजे, फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. मग थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, "तुझं काय चाललंय ते सांग आधी. रोज दुपारी फोन उचलतोस, ऑफिसात असणारा माणूस दुपारी फोन उचलत नाही."

सांगितलं सगळं. आठ महिने, एक्सेल शीट, सगळं. ते ऐकत होते, मागे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. मग म्हणाले, "पैसे आहेत का भाड्याला?" एवढंच.

मला एक सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, थर्ड पार्टी पेरोलवर, आधीच्या पगारापेक्षा बरंच कमी. 'आता एकदम फुल-टाइमच' म्हणून दोन आठवडे अडवून धरलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हा भाग टाकून झाला की होकाराचा मेल लिहायला बसतोय. एक्सेल शीट बंद करणार नाहीये, शनिवारी-रविवारी भरत राहीन.

तुमच्या घरी कुणाकडे असं कार्ड असेल तर शिक्के मोजून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.