लाकूड, कापड आणि सरस : 'मॉथ' विमानांच्या देखभालीचा इतिहास

भारतातील नागरी विमानसेवेच्या इतिहासात १५ ऑक्टोबर १९३२ या दिवसाला मानाचे स्थान आहे. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या विमानतळावर उतरले. पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या घटनेचे वर्णन बहुतेक वेळा वैमानिकाच्या आसनावरून केले जाते. असे विमान उडण्याजोगे राखणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने विचार करावयाचा आहे.

हे विमान डी हॅविलँड कंपनीचे 'पस मॉथ' होते. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि पंख लाकडी, वर कापड ताणून बसविलेले. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या जातीची अनेक विमाने हवेतच पंख निकामी होऊन कोसळली. पुढे पंखाला आधार देणाऱ्या तिरप्या दांड्यांना आणखी एक आडवा टेकू जोडून हा दोष दूर करण्यात आला. म्हणजे टपालसेवा सुरू झाली ती या विमानाविषयी शंका घेतली जात असतानाच, हे लक्षात ठेवले पाहिजे.

परंतु खरा शत्रू होता ओलावा. त्या काळी विमानाचे लाकडी भाग जोडण्यासाठी प्रामुख्याने केसिनचा, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेला, सरस वापरीत. दमट हवेत तो मऊ पडतो, त्यावर बुरशी धरते आणि सांधा सुटू लागतो. जुहूची जमीन पावसाळ्यात चिखलात जात असल्याने टाटांची सेवा त्या महिन्यांत पुण्याला हलवावी लागे. विमानाला तेवढ्याने ओलाव्यापासून सुटका मिळत असेल, असे मात्र म्हणवत नाही. सुटलेला सांधा बाहेरून दिसत नाही. फासळ्या आणि स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य दांडा, कापडाखाली झाकलेले असतात. कापड उतरविण्याची वेळ येते तेव्हाच कारागिराला आतील लाकूड खऱ्या अर्थाने तपासता येते. जुने लिननचे कापड डोप नावाच्या सेल्युलोजयुक्त रोगणाने ताठ केलेले असे व उन्हाने काही वर्षांतच कुजत असे. त्यामुळे ते वरचेवर बदलावे लागे आणि त्या निमित्ताने पंखही उघडला जाई. पुढे उष्णतेने आकसणारे पॉलिएस्टरचे कापड आले. ते पुष्कळ अधिक टिकते, हा लाभ निर्विवाद आहे. पण त्यामुळे जुना सरस अधिक काळ नजरेआड राहू लागला, ही त्याची दुसरी बाजू होय.

इंजिनाची कथा त्या मानाने सरळ आहे. पुढच्या 'लेपर्ड मॉथ' व 'टायगर मॉथ' विमानांतील सुमारे १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन उलटे बसविलेले असते, म्हणजे सिलिंडर खाली. उभ्या विमानात तेल झिरपून तेथे साचते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहण्याची शिस्त पाळावी लागते.

१९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या टाटांनी कराची ते मुंबई हा प्रवास 'लेपर्ड मॉथ'मधून पुन्हा केला. 'लेपर्ड मॉथ'चा जन्मच १९३३ चा, त्यामुळे ते पहिल्या उड्डाणातील विमान नव्हतेच. या जातीच्या विमानाचे धड प्लायवुडचे असते, तेव्हा सरसाचा प्रश्न येथे केवळ पंखांपुरताही उरत नाही. इतक्या जुन्या विमानातील किती लाकूड व किती कापड मूळचे, हे विचारणे संग्रहालयाच्या दृष्टीने योग्य असले, तरी उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत ते गौण ठरते. मूळचा म्हणून कमकुवत सांधा जपणे हा तेथे गुन्हाच होय.

अशा दुरुस्त्यांचा पुरावा नोंदवह्यांत सापडतो. विमानाची नोंदवही वेगळी आणि इंजिनाची वेगळी. काढलेले इंजिन दुसऱ्या विमानाला बसविले की त्याची वहीही सोबत जाते. त्यामुळे एका विमानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्याचा काही भाग दुसऱ्याच विमानाच्या कागदपत्रांत शोधावा लागतो.