केडगांवचें उज्जीवन व पेंटेकॉस्टल पंथाचा उगम

माटुंग्याच्या स्टेशनावरून जाणारे जुन्या जी. आय. पी. रेल्वेचे रूळ घाट चढून पुण्यास जातात, आणि तेथून दौंडाच्या वाटेवर केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. ख्रिस्ती धर्माच्या आधुनिक इतिहासांत ह्या गांवाचें नांव ज्या एका प्रकरणामुळें शिरलें, त्याचा कालनिर्णय करण्याचा हेतु प्रस्तुत लेखांत आहे. पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास सांगणारे पुष्कळ ग्रंथ अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सेमूर ह्या कृष्णवर्णी उपदेशकाच्या १९०६ च्या एप्रिलांतील सभांपासून आरंभ करतात. फार तर टोपेका येथें चार्ल्स पारहॅम ह्याच्या शाळेंत १९०१ च्या जानेवारींत घडलेला प्रकार मागें जोडतात. केडगांव ह्या मांडणींत अमेरिकेचें एक उपशाखास्थान ठरतें. हें कितपत खरें, हें पाहूं.

पंडिता रमाबाईंचें पूर्वचरित्र वाचकांस विदित आहे. म्हणून तें थोडक्यांत आटोपतों. जन्म १८५८, बाप्तिस्मा १८८३ त इंग्लंडांत, शारदासदनाची स्थापना ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस, चौपाटीजवळ, पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. १८९३ च्या सुमारास धर्मांतराचा वाद माजला व रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली व विधवा आणून केडगांवीं ठेविल्या. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. हेंच मुक्तिसदन. हीं माणसें कोणत्या स्थितींतून आलीं होतीं हें ध्यानांत ठेविल्यावांचून पुढील हकीकतीचा अर्थ लागत नाहीं.

१९०४ सालीं वेल्स देशांत मोठें धर्मोज्जीवन झालें. त्याची वार्ता येथें पोंचली. १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं रोज पहांटे प्रार्थनेस जमण्याचा परिपाठ घातला. प्रथम सत्तर जणी येत. जूनपर्यंत ती संख्या साडेपांचशेंवर जाऊन दिवसांतून दोनदां सभा भरूं लागली. मग रमाबाईंनीं विचारलें कीं, इतर अभ्यास सोडून भोंवतालच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास कोण जातें? तीस मुली पुढें आल्या.

प्रकरणाचा मुख्य दिवस २९ जून १९०५, शके १८२७. त्या रात्रीं पहांटे साडेतीनच्या सुमारास निजण्याच्या खोलींत एका मुलीच्या अंगाभोंवतीं अग्नि दिसला, आणि तिची जोडीदारीण पाण्याची बादली आणण्यास धांवली. ती ओतणार तोंच मुलगी जळत नाहीं असें तिच्या ध्यानीं आलें. ही हकीकत मिनी एब्रम्स ह्या मिशनरी बाईनें प्रसिद्ध केली. त्या १८८७ त मेथडिस्ट मंडळीतर्फें मुंबईस आल्या व १८९८ पासून रमाबाईंकडे काम करीत होत्या. अग्नीविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. तो श्रद्धेचा विषय होय. परंतु बादलीचा तपशील आम्हांस विश्वसनीय वाटतो. केवळ बोधासाठीं कथा रचणारा मनुष्य बादली घालीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं, ३० जून रोजीं, रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आपल्या नेहमींच्या शांत रीतीनें समजावून देत असतां सर्व मुली एकदम मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या, व बाईंस बोलणें थांबवावें लागलें.

येथवर अन्य भाषांचा, म्हणजे न शिकलेल्या वाणीनें बोलण्याचा, उल्लेख नाहीं. पेंटेकॉस्टल मताचें मुख्य चिन्ह तेंच. म्हणून निर्णय ह्यावरच अवलंबून आहे. सुदैवानें एक उत्तम साधन हातीं आहे. पवित्र आत्मा व अग्नि ह्यांच्या बाप्तिस्म्याविषयीं एब्रम्सबाईंची इंग्रजी पुस्तिका १९०६ सालीं निघाली, आणि त्याच वर्षीं तिची दुसरी आवृत्तिही निघाली. पहिल्या आवृत्तींत अन्य भाषांविषयीं शब्द नाहीं. दुसरींत तो मजकूर घातला आहे. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या वाचकांस ह्या भेदाचें मोल सांगावयास नको. केडगांवांत अन्य भाषांचा प्रकार १९०६ मध्यें, ह्या दोन आवृत्तींच्या दरम्यान, लेखकेच्या दृष्टीस ठळकपणें आला, असें अनुमान त्यावरून निघतें. दौंड येथील आल्बर्ट नॉर्टन ह्यांनींही लिहून ठेविलें आहे कीं, इंग्रजी न जाणणारी एक मुलगी इंग्रजींत प्रार्थना करितांना आपण ऐकिली. नॉर्टन प्रत्यक्षदर्शी खरे. पण ज्या आवारांत इंग्रज व अमेरिकन बाया रोज वावरत, तेथें मुलीच्या कानीं इंग्रजी पडलेलीच नव्हती असें कसें म्हणावें? ही साक्ष आम्ही अर्धीच धरतों.

लॉस एंजेलिसहून निघालेले गार पतिपत्नी कलकत्त्यास उतरले तें १९०७ च्या जानेवारींत. तेव्हां पत्रांतून व वृत्तपत्रांतून वार्ता आधीं आली असली, तरी तेथील उपदेशक येण्यापूर्वींच केडगांवचा प्रकार घडून चुकला होता. सारांश, केडगांव हें लॉस एंजेलिसची आई नव्हे; पण तिची लेकही नव्हे. एवढें मात्र निश्चित कीं दक्षिण अमेरिकेंत चिली देशाकडे जी शाखा गेली तिचें मूळ येथें आहे. एब्रम्सबाईंनीं ती पुस्तिका १९०७ त आपली जुनी सहाध्यायिनी मे लुईझ हूवर हिला व्हाल्पाराइसो येथें पाठविली. तेथें १९०९ त उज्जीवन झालें, आणि त्यांतून स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली.

रमाबाईंचें स्वतःचें मत मध्यम होतें. १९०७ सालीं 'मुक्ति प्रेअर बेल' ह्या आपल्या नियतकालिकांत त्यांनीं मुलींच्या रडण्याओरडण्याचा टीकाकारांविरुद्ध कैवार घेतला. मात्र अन्य भाषा हेंच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचें एकमेव व आवश्यक लक्षण होय, हें त्यांनीं मानिलें नाहीं. पुढें त्यांचा वेळ बायबलाच्या मराठी भाषांतरांत गेला. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम सदनाच्याच छापखान्यांत मुलींनीं केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर पडला.

आणि येथेंच साधनांचा मोठा दोष दिसतो. एब्रम्स, नॉर्टन, हेलन डायर ह्या सर्वांनीं इंग्रजींत, परदेशांतील वाचकांसाठीं लिहिलें. ज्या मुलींच्या तोंडून ती प्रार्थना निघाली त्या बहुतेक मराठी बोलणाऱ्या. त्यांचे शब्द आपल्यापुढें भाषांतरानें येतात. त्या खिळे जुळवीत होत्या, म्हणजे लिहितां-वाचतां येत होतें. १९०५ ते १९०७ ह्या काळांतील केडगांवचीं मराठी पत्रें, रोजनिशा, गीतांच्या वह्या अथवा त्या पुस्तिकेची पहिली आवृत्ति कोणाच्या संग्रहीं असल्यास, मुखपृष्ठ, साल व छापखान्याचें नांव जसेंच्या तसें उतरून पाठवावें. चुरगळलेला, वाळवी लागलेला कागदही चालेल.